पायाळू

२०१९च्या ऑगस्टमधला पहिला रविवार. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गंगेला पूर, आणि सकाळपासून घरातल्या प्रत्येक फोनवर एकच फोटो येत होता, दुतोंड्या मारुतीचा. बाहेरगावच्यांसाठी सांगते : नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती आला हे आम्ही क्युसेकमध्ये विचारत नाही. मारुतीच्या कुठवर आलं, असं विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. रामकुंडापाशी उभा असलेला हा दोन तोंडांचा मारुती म्हणजे गावाची मोजपट्टी.

मला त्याच दिवशी ३४ आठवडे पूर्ण झाले होते. बाळंतपणाला माहेरी, पंचवटीत आले होते आणि पावसामुळे घरात अडकून पडले होते. दोन दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पाणी ठीक, वार वरच्या बाजूला, ठोके छान असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक शब्द होता : ब्रीच. आईने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मारुतीकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझंही अस्संच उभं आहे बघ. पाण्यात, डोकं वर काढून."

त्या दिवसापासून पोटातल्याचं नाव मारुती पडलं.

डोकं वर आहे हे खरं तर मला रिपोर्टच्या आधीच कळायला हवं होतं. उजव्या फासळ्यांखाली एक टणक, गोल, लहानशा नारळाएवढं काहीतरी कायम रुतलेलं असायचं. मी त्याला ढुंगण समजून थोपटत होते. बोटाने हळूच दाबलं की ते पाण्यात सरकायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. ढुंगण असं टुणकन परत येत नाही, सबंध अंगच हलतं. मानेवर डुलतं ते डोकं. हे मला नंतर एका नर्सबाईंनी हाताला हात धरून दाखवलं. रिपोर्टमध्ये फ्रँक ब्रीच म्हटलं होतं. म्हणजे बूड खाली, दोन्ही पाय सरळ वर, पावलं कानांपाशी. मांडी घालून बसलेलं असतं तो वेगळा प्रकार, आणि एखादा पाय खाली सोडून उभं असतं तो तिसरा. आमचा मारुती योगासनवाला होता.

घाबरण्यासारखं अजून काही नव्हतं. अठ्ठाविसाव्या आठवड्याला साधारण पाचातलं एक बाळ डोकं वर करूनच असतं. पुढे जागा कमी होत जाते, डोकं जड होतं, आणि बहुतेक बाळं आपली आपण फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात. मला हे आकडे पाठ झाले होते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मात्र आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे एक शब्द होता, आणि तो माझ्या मोठ्या मावशीने चहाचा कप खाली ठेवता ठेवता उच्चारला.

"पायाळू होणार मग."

पायाळू. लहानपणी हा शब्द मी फक्त दोन संदर्भांत ऐकलेला. एक, पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभं राहू देत नाहीत. दोन, कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, चमक जागच्या जागी जाते. मावशीने त्यात तिसरं घातलं : पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं गुप्तधन दिसतं. "पूर्वी पळवून न्यायचे अशा पोरांना," असंही म्हणाली. बाहेर विजा कडाडत होत्या. आईने मावशीकडे असं पाहिलं की मावशी चिवड्याकडे वळली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला आमच्याकडे 'फिरवायचा कार्यक्रम' म्हणायचे.

डॉक्टरांना विचारून एक आसन सुरू केलं. गादीवर गुडघे टेकायचे, छाती आणि गाल गादीला, बूड उंच. पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी. कल्पना अशी की बाळाचं बूड ओटीपोटाच्या खोबणीतून वर सरकेल आणि त्याला कोलांटी मारायला जागा होईल. होत मात्र एवढंच होतं की घशाशी आंबट यायचं आणि गालावर चादरीचे वळ उठायचे. एकदा बाबा पेपर शोधत खोलीत आले, मला त्या अवस्थेत पाहून तसेच पाठमोरे झाले आणि दारातूनच म्हणाले, "चालू दे, चालू दे. सापडला पेपर." पेपर माझ्या उशाशी होता.

शनिवार-रविवारी नवरा पुण्याहून यायचा. त्याच्याकडे टॉर्चचं खातं. ओटीपोटावर मोबाईलचा उजेड धरून तो कुजबुजायचा, "इकडे ये, इकडे दरवाजा आहे." आवाजही खालूनच द्यायचा असतो म्हणे, म्हणजे बाळ आवाजाकडे डोकं वळवतं. मी आईला म्हटलं, तुझी सकाळची स्तोत्रं मग खालच्या बाजूला लावू का? त्यावर आई जी काही बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी तबल्याच्या ठेक्यावर तडजोड झाली. वरच्या बाजूला, डोक्यापाशी, टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या मटारची पिशवी. थंडी नको म्हणून बाळ सरकेल. मारुतीने डोकं इंचभर डावीकडे घेतलं आणि पिशवी काढल्यावर परत उजवीकडे आणलं. त्या रात्री तोच मटार पुलावात गेला.

पुण्याच्या मैत्रिणीने चिनी उपचाराच्या कांड्या पाठवल्या. पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी ती कांडी पेटवून नुसती ऊब द्यायची, चटका नाही. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, त्यामुळे घरभर जत्रेनंतर कपड्यांना येतो तसला वास. या उपायाला अगदीच आधार नाही असं नाही. १९९८मध्ये चीनमध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यात फायदा दिसला होता. नंतरच्या अभ्यासांचा सूर काही एकसारखा नाही. आसनांबद्दल तर तेवढाही पुरावा नाही. पण मी सगळं केलं. नवरा पायाशी बसून कांडी धरायचा, मी खुर्चीत, आणि आम्ही दोघं वीस मिनिटं काही न बोलता माझ्या करंगळीकडे बघत बसायचो. लग्नाला चार वर्षं झाली होती, माझ्या करंगळीकडे इतक्या निष्ठेने कुणी कधी पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला लागली होती. प्रत्येकीकडे एक फिरलेलं बाळ होतं. कुणाचं पाण्याचे हंडे भरून फिरलेलं, कुणाचं फरशी पुसून, कुणाचं पोटाला तेल लावून. मी विचारायचे, कितवा महिना होता? "सातवा संपत आलेला." सातव्यात ते तसंही फिरणारच होतं. हंड्याला श्रेय मिळालं. आणि याची दुसरी बाजू अशी की ज्या बाईचं फिरत नाही, तिने हंडा नीट उचललेला नसतो. फरशी मनापासून पुसलेली नसते. फार वेळ लॅपटॉपवर बसलेली असते, एकाच कुशीवर झोपलेली असते, पपई नाही तर आणखी काही खाल्लेलं असतं. हे कुणी तोंडावर म्हणत नाही. "तू पाय लोंबकळून बसत होतीस ना गं?" एवढंच विचारतात.

बाबा संस्कृतचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांना कुठल्याही दुखण्यावर श्लोक काढून द्यायची सवय लागली आहे. त्यांनी एक दिवस चरकसंहिता उघडून दाखवली. शारीरस्थानात गर्भाचं वर्णन आहे : आईच्या पाठीकडे तोंड, डोकं वर, अंग मुडपून बसलेला, आणि जन्माची वेळ आली की 'प्रसूतिमारुता'च्या योगाने तो फिरतो, डोकं खाली करतो, बाहेर येतो. म्हणजे चरकाच्या लेखी सगळीच बाळं शेवटपर्यंत डोकं वर करून बसलेली असतात आणि ऐन वेळी वाऱ्याच्या झोताने उलटतात. सोनोग्राफी नव्हती, चालायचंच. पण बाबांना मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. "मारुतीला मारुतच फिरवणार," म्हणाले आणि स्वतःच्या कोटीवर दिवसभर खूश होते.

छत्तिसाव्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. नाव सांगत नाही. वाईट डॉक्टर नव्हते ते, घाईत होते. रिपोर्टवर नजर टाकली, मान वर न करता फाईलवर 'सिझर' लिहिलं आणि म्हणाले, "नऊ ते अकरा सप्टेंबर, कुठला मुहूर्त हवा तो सांगा." मी विचारलं, बाहेरून फिरवता येतं ना? मी वाचलं होतं. "हल्ली कुणी करत नाही," म्हणाले. पुढचा पेशंट आत आला सुद्धा. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं ते सिझरचं नव्हतं. माझा जन्म सिझरचाच, आईचं काही बिघडलं नाही. रडू आलं ते याचं की दोन आठवडे मी उलटी पडून, कांड्या जाळून, मटार गोठवून जो प्रश्न विचारत होते, त्याचं एक तपासलेलं उत्तर अस्तित्वात होतं, आणि ते सांगायला कुणाला अर्धं मिनिट नव्हतं.

मामेबहिणीच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टर सापडल्या. साठीच्या असाव्यात. त्यांनी आधी हात कोमट पाण्याने धुतले, मग पोटाला लावले. या एका गोष्टीसाठी मी त्यांना आयुष्यभर दुवा देईन. बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवतात, पहिलटकरणीचं छत्तिसाव्या आठवड्यापासून करता येतं, त्यांनी सांगितलं. "निम्म्या वेळा जमतं. पहिलटकरणीत त्याहून कमी, पोटाचे स्नायू घट्ट असतात ना. दोनशेत एखादीला तातडीने सिझरला घ्यावं लागतं, म्हणून हे दवाखान्यात, ऑपरेशन थिएटर तयार ठेवूनच करायचं. घरी कुणाला पोट चोळून फिरवू द्यायचं नाही." वार खाली असेल, जुळी असतील, रक्त जात असेल तर करत नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. माझा बी पॉझिटिव्ह.

नवऱ्याने विचारलं, पूर्वी तर अशी बाळंतपणं व्हायचीच ना, पायाकडून?

"आम्ही शिकलो ना ती करायला," त्या म्हणाल्या. मग २००० सालच्या एका मोठ्या चाचणीबद्दल सांगितलं. २६ देश, दोन हजारांवर बायका. ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळं जास्त सुखरूप राहतात असं त्यातून निघालं, आणि जगभर दवाखान्यांनी पायाळू बाळंतपणं जवळजवळ सोडूनच दिली. त्याच मुलांना दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्हीकडच्या मुलांत तसा फरक दिसला नाही. पण तोवर नव्या डॉक्टरांचे हात तयार व्हायचे थांबले होते. "मला येतं. पण रात्री तीनला मी नसेन आणि जो असेल त्याला येत नसेल, तर त्याचा उपयोग काय?" हे त्या इतकं सरळ बोलल्या की आमचा पुढचा प्रश्न उरलाच नाही.

अठ्ठावीस ऑगस्ट, बुधवार. गंगाघाटावर बाजाराचा दिवस, म्हणून लवकर निघालो. उपाशीपोटी. आधी अर्धा तास पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा कागद काढला. खोलीभर टापांसारखा आवाज. मग सोनोग्राफी. मग दंडात इंजेक्शन, गर्भपिशवी सैल पडायला. त्याने माझंच काळीज असं धडधडायला लागलं की हाताची बोटं थरथरत होती. पोटावर जेल ओतलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटं ओटीपोटाच्या हाडामागे, खाली खोल घातली आणि बाळाचं बूड उचललं.

दुखतं. कळांसारखं नाही. कुणीतरी आपल्या आतलं फर्निचर हलवतंय तसं. एक हात बुडाखाली, दुसरा डोक्यावर. बूड एका बाजूने वर ढकलायचं, डोकं दुसऱ्या बाजूने खाली आणायचं, पुढे मारलेल्या कोलांटीसारखं. पोटाचा आकारच बदलला. एरवी उभट असलेलं पोट बघता बघता आडवं, भोपळ्यासारखं झालं. मी मान उचलून बघत होते. फासळ्यांखालचा नारळ खरोखर तिथून निघाला होता, डाव्या कुशीकडे चालला होता. "श्वास सोड, सोड, अंग ढिलं," नर्स म्हणत होती. बाळ पूर्ण आडवं झालं आणि तिथे थांबलं. डॉक्टरांनी हात तसेच धरून ठेवले. स्क्रीनकडे पाहिलं. ठोके थोडे उतरले होते. त्यांनी हात सैल केले, आणि मारुती कसलीही घाई न करता, जणू खुर्चीतून अर्धवट उठलेला माणूस पुन्हा टेकतो तसा, परत जागेवर गेला. डोकं उजव्या फासळ्यांखाली.

दोन मिनिटांत ठोके पूर्ववत. आणखी एकदा प्रयत्न केला, या वेळी उलट्या दिशेने. बूड जागचं उचललंही गेलं नाही. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. हात पुसत त्या म्हणाल्या, "नको म्हणतंय. आता जबरदस्ती नाही करायची." बस्स. सबंध प्रकार दहा मिनिटांचाही नसेल. पुन्हा तासभर ठोक्यांचा कागद, आणि दुपारी घरी येऊन मी वरणभात खाल्ला आणि चार तास झोपले.

संध्याकाळी निफाडहून सासूबाई आल्या. पिशवीत मेथी, गवार, डझनभर अंडी. काय झालं, कसं झालं, सगळं ऐकून घेतलं आणि मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "आता याला काय करायचं. हाबी पायाळूच व्हता की."

'हा' म्हणजे माझा नवरा. तो समोर बसून पाणी पीत होता. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"सुईण आलती रातच्याला. आधी पाय दिसला. मला म्हन्ली, बाई, आता वढायचं न्हाई, आपोआप यू दे. हात नुस्ता खाली धरून बसली. कमरेपोतर आला अन् अडकला." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "मंग आला." त्या दोन वाक्यांच्या मध्ये काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. वीज पडेल म्हणून लोक घाबरवायला लागले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट गावात कुणाला सांगायचीच नाही असं ठरवलं. चाळीस वर्षं नव्हती सांगितली.

रात्री मी शोधलं. २००८मध्ये नॉर्वेतल्या जन्मनोंदींवरचा एक अभ्यास निघाला. आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही दिवस भरून पायाळू जन्मलेलं असेल, तर त्यांचं पहिलं मूल पायाळू असण्याची शक्यता दुपटीहून अधिक. वडिलांकडून सुद्धा, आईइतकीच. मी फोन नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. लॅपटॉप, पपई, लोंबकळलेले पाय, नीट न उचललेले हंडे, सगळ्यांचा हिशेब त्याच्या नावावर टाकून मी कुशीवर वळले. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा शांत झोप लागली.

सिझरची तारीख नऊ सप्टेंबर ठरली. गणपती बसलेले, गौरी जेवून गेलेल्या, आणि मुख्य म्हणजे पितृपक्षाच्या आत, त्यामुळे आईचा जीव भांड्यात. आदल्या रात्री ती कालनिर्णय घेऊन माझ्या खोलीत आली. बोट ठेवून दाखवलं : परिवर्तिनी एकादशी. चातुर्मासात झोपलेला विष्णू या दिवशी कूस बदलतो म्हणतात. "बघ हं, अजून वेळ आहे," आई पोटाला म्हणाली. सकाळी थिएटरच्या बाहेर डॉक्टरांनी पुन्हा एकदा सोनोग्राफी केली, कारण शेवटच्या दिवशी फिरलेली बाळंही त्यांनी पाहिली होती. देवाने कूस बदलली असेल. आमच्याकडे काही हललं नव्हतं.

कमरेत सुई, समोर हिरवा पडदा. पलीकडून डॉक्टर जे दिसेल ते सांगत होत्या. "बूड आलं... हा एक पाय... हा दुसरा... खांदा..." मग काही क्षण कुणी बोललं नाही. मला सासूबाईंची मेथीची काडी आठवली. मग डोकं. मग आवाज. बाहेर येता येता तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डॉक्टरांच्या हातावर शी. हो, मारुती मुलगी निघाली.

पाय मात्र तिने लगेच खाली घेतले नाहीत. आठवडाभर ती पावलं कानांपाशी नेऊनच झोपायची. लंगोट बांधला की दोन्ही पाय वर, लंगोट सुटलेला. आई ते पाय अलगद खाली आणायची, तेल चोळायची, हात काढला की ते पुन्हा सावकाश वर. अशा बाळांचे खुबे तपासून घ्यावे लागतात, सांधा उथळ राहिलेला असू शकतो, मुलींमध्ये जास्त. सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी झाली. सगळं ठीक निघालं. ओढून-ताणून मालिश करायचं नाही आणि पाय जुळवून घट्ट दुपटं बांधायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आमच्या मालिशवाल्या बाईंना ते अजिबात पटलं नाही.

सिझरने आलेलं मूल पायाळू धरायचं की नाही, यावर घरात एकमत नाही. बाबांच्या मते शब्दाचा अर्थ पायाकडून आलेला, दरवाजा कुठला याला महत्त्व नाही. मावशीच्या मते सिझरवाल्याला वीजही ओळखत नाही.

या प्रश्नाचा निकाल माहेरच्या शेजारच्या काकांनी लावला. मुलगी दोन वर्षांची असताना गणपतीला आम्ही नाशकात होतो. मखराची फळी उचलताना काकांच्या कंबरेत चमक भरली. गोळ्या झाल्या, शेक झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंत धरत धरत आमच्या दारात आले. बँकेत व्यवस्थापक होते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हेत, हे त्यांनी आधीच दोनदा सांगितलं. मग हॉलमध्ये सतरंजीवर पालथे झोपले आणि म्हणाले, "बोलवा तिला."

ती आली. काकांच्या पाठीकडे पाहिलं. आईने तिला काखेत धरून उचललं, तिचं पाऊल त्यांच्या कमरेवर टेकवायला गेली. "मार हं लाथ, मार." तिने दोन्ही पाय पोटाशी घेतले, मुडपून, अगदी घट्ट, आणि मान हलवली.

"नको म्हणतीये," नवरा म्हणाला.

काका पालथेच होते. "थांबू आपण," ते सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले. "तिच्या मनात आलं की मारेल."